किबिट्झर आत्या

शिकागो, ४ फेब्रुवारी

रेणूताई, जय भीम.

पत्र बघून दचकू नका. सगळं ठीक आहे. तुम्ही फोन उचलत नाही, मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच होत नाही, म्हणून हा जुना मार्ग. शिवाय पत्राचा एक मोठा फायदा आहे. तुम्हाला मधे बोलता येत नाही. लग्न झाल्यापासून तुमच्यासमोर मी एकही वाक्य पूर्ण केल्याचं मला आठवत नाही, तेव्हा आज हौस फेडून घेणार आहे.

आधी तक्रार. डोहाळजेवणाच्या दिवशी पहाटे उठून तुम्ही सगळा स्वयंपाक केलात, ओटा पुसलात आणि पाहुणे यायच्या आत टॅक्सी बोलावून एअरपोर्टला निघून गेलात. आलेल्या प्रत्येक बाईने मला विचारलं, वडाभात कोणी केला? मी काय सांगणार होते, नणंदेने केला आणि रागावून गेली? मी 'केटरिंग' म्हणाले. आता सगळ्या जणी केटररचा नंबर मागतायत. देऊ का तुमचा, कॅरी गावचा?

भांडण नावावरून झालं असं रवी लोकांना सांगतो. ते अर्धंच खरं. तुम्ही बाळासाठी आणलेला आमचा क्रिब परत करून दुसरा मागवलात, मी गप्प बसले. माझ्या डॉक्टरच्या ऑफिसला फोन करून माझी अपॉइंटमेंट बदललीत, तेव्हाही गप्प बसले. (बरं, गप्प नाही, हळू बोलले.) मग तुम्ही पर्समधून चांदीची वाटी काढलीत आणि तिच्यावर 'यशोधरा' कोरलेलं होतं. मुलगी अजून पोटात आणि नाव वाटीवर! आमच्या नाशिककडे नाव आई-बाप ठरवतात, आत्या ते बाळाच्या कानात सांगते. तुमचं म्हणणं, नागपूरला आत्याच ठरवते. मी नागपूरच्या तीन मैत्रिणींना विचारलं. तसं फक्त तुमच्या मनात आहे.

तर मी म्हणाले, "नाव ठेवणाऱ्या तुम्ही कोण?" मुद्दा बरोबर होता, वाक्य चुकलं. कारण बाळाला आत्या एकच आहे आणि ती तुम्ही आहात. पण माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, तसा गैरसमज नको. मला एक शब्द सापडला आहे आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्टर म्हणाले जरा बसून राहा, म्हणून मी आधीच रजा घेतली आहे. आमची बिल्डिंग तुम्हाला माहीतच आहे. डेव्हन ॲव्हेन्यूच्या या टोकाला साडीची दुकानं संपतात आणि ज्यू बेकऱ्या सुरू होतात, त्यामुळे निम्मी बिल्डिंग आपल्या लोकांची आणि निम्मी ज्यू आजी-आजोबांची. खाली कम्युनिटी रूममध्ये दर मंगळवारी चार आज्या माहजाँग खेळतात. खेळ चिनी, पण इथल्या ज्यू बायकांनी तो कधीच आपलासा केलाय. रमीसारखाच असतो, पत्त्यांऐवजी सोंगट्या. त्यांतली मुख्य म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची पर्ल. चौऱ्याऐंशीची आहे, लिपस्टिकशिवाय कचराही टाकायला जात नाही. तिने माझं पोट बघितलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. घरी एकटी बसून भिंतीशी काय बोलतेस?"

पर्लच्या मागे तिचा नवरा मॉर्ट खुर्ची टाकून बसतो. तो खेळत नाही. तो सांगतो. "ती नको, दुसरी टाक. अगं, दिसत नाही का तुला?" दर सोंगटीला. शेवटी पर्ल वळून ओरडली, "मॉर्ट! स्टॉप किबिट्झिंग!" मी अर्थ विचारला. पर्ल म्हणाली, "जो स्वतः खेळत नाही, हरला तर त्याचं काही जात नाही आणि तरी प्रत्येकाला कसं खेळायचं ते सांगतो, तो किबिट्झर."

ताई, मी इतकी हसले की आतून लाथ बसली. या बाईला मी ओळखते, म्हटलं. ही कॅरीला राहते.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल, मी लिहीत राहणार.

तुमची भावजय,
चारुता

•

शिकागो, १८ फेब्रुवारी

रेणूताई, जय भीम.

उत्तर आलं नाही. ठरल्याप्रमाणे लिहितेय.

त्या शब्दाच्या मी मागेच लागले. पर्ल म्हणाली होती, "माझे वडील सांगायचे, तो एक पक्षी आहे." मला वाटलं थट्टा करतेय. पण तिच्या कपाटात जाडजूड शब्दकोश आहे, त्यात खरोखरच पक्षी निघाला. शब्द यिडिश. म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरची भाषा, जर्मनच्या जवळची, पण हिब्रू अक्षरांत लिहायची. जर्मनमध्ये 'कीबिट्स' म्हणजे टिटवी! आपल्या टिटवीची तिकडची बहीण म्हणा. पत्ते खेळणाऱ्यांच्या पाठीमागे उभं राहून लुडबुड करणाऱ्यांना तिकडे तिचं नाव पडलं. यिडिशने ते उचललं, माणसं बोटीने अमेरिकेत आली तेव्हा सामानाबरोबर शब्दही उतरला, आणि गेली शंभरेक वर्षं इथे तो इंग्रजीत सगळेच वापरतात, ज्यू असोत नसोत. शब्दकोशात आणखी एक धागा दिलाय. चोरांच्या बोलीत याच क्रियापदाचा अर्थ होता 'भेटीला जाणे'. चोर कशासाठी भेटीला जात असतील ते उघड आहे, पण मला हा अर्थ आवडला.

मी हे रवीला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "ताईला टिटवी म्हणू नकोस हां यार, आणखी चिडेल." मी म्हणत नाहीये. शब्दकोश म्हणतोय.

रवीचं सांगते. रविवारी तो तुमच्याशी फोनवर बोलला आणि नंतर बराच वेळ गॅलरीत थंडीत उभा राहिला. मी विचारलं काय झालं. म्हणाला, "ताईने काहीच विचारलं नाही. स्नो टायर घातले का विचारलं नाही. मी जेवलो का विचारलं नाही. नुसतं हं, बरं, ठेवते." माझ्यावर रागावला आहात ना? मग त्याला शिक्षा कशाला? त्याला नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीच्या ओरडण्याची सवय आहे. आता तो स्वतःलाच ओरडत फिरतो. काल पार्किंगमध्ये ऐकलं मी, "रवी, मफलर!"

इकडे मॉर्ट पाय घसरून पडला. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता काही आठवडे रिहॅबमध्ये. मला वाटलं, पर्लचा खेळ आता सुधारणार. कुठलं काय! ती दर डाव हरतेय. मी विचारलं तर सोंगट्या लावता लावता म्हणाली, "साठ वर्षं मी तो सांगेल त्याच्या बरोबर उलट खेळत आले. आता उलट कशाच्या करू?" आणि मग मला म्हणाली, "चारू, तू बस त्या खुर्चीत. कोणीतरी मला छळायला हवंय."

तर सध्या मी पगाराविना किबिट्झर आहे. तुमच्याच खात्यात बदली झाली म्हणा.

माझ्या आईचा व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. ते पुढच्या पत्रात. तब्येत मस्त.

चारुता

•

शिकागो, १ मार्च

रेणूताई, जय भीम.

आज खुर्चीचा अनुभव लिहिते. तुम्हाला तो नवीन नाही, पण मला आहे.

खेळणाऱ्याला फक्त आपल्या सोंगट्या दिसतात. मागच्या खुर्चीतून सगळं दिसतं. समोरच्या ग्लोरियाला हिरव्या ड्रॅगनची सोंगटी हवीय हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि पर्लने नेमकी तीच टाकायला उचलली. ताई, माझी जीभ इतकी खाजत होती! मी दोन्ही हात पोटावर दाबून बसले. पर्लने हात पुढे केला आणि मी किंचाळले, "पर्ल, नको!" सगळ्यांच्या कॉफ्या सांडल्या. ग्लोरिया तर डॉक्टरला फोन करायला निघाली, तिला वाटलं मला कळा आल्या.

मग चौघींनी मिळून माझी शाळा घेतली. त्यांच्या टेबलाची एक रीत आहे आणि ती त्या फार पाळतात. (मॉर्ट पाळत नाही, पण त्याचं म्हणजे लग्नाच्या वेळीच ठरलं होतं असं पर्ल म्हणते.) किबिट्झरला खुर्ची मिळते. कॉफी मिळते, केकचा तुकडा सगळ्यांत आधी मिळतो. डाव चालू असताना तोंड उघडायचं नाही, सोंगटीला हात लावायचा नाही. पण डाव संपला की चौघी हात थांबवतात, खुर्चीकडे वळतात आणि विचारतात, "बोल, काय दिसलं?" तेव्हा किबिट्झरने बोललंच पाहिजे. गप्प राहिला तर तो अपमान समजतात. आणि त्या ऐकतातही बरं का! पुढच्या डावात पर्लने ग्लोरियाकडे बघूनच सोंगटी टाकली.

त्या खुर्चीत बसून मला वाटलं, गप्प बसणं किती अवघड आहे! मागे बसलेल्याचं काहीच जात नाही हे पर्लचं म्हणणं मला आता पटत नाही. माझ्या छातीत खरंच धडधडत होतं.

त्यावरून टिटवी आठवली. आमच्या मळ्याजवळ टिटव्या होत्या. माणूस, कुत्रं, म्हैस, काहीही जवळ आलं की आकाश डोक्यावर घ्यायच्या. आजोबा सांगायचे, टिटवी घरटं बांधत नाही, अंडी उघड्या जमिनीवर घालते, मग ओरडेल नाही तर काय करेल? तुमच्या आई नाइट ड्युटीला गेल्या की रवीला तुम्ही सांभाळलंत. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने. त्याने हे मला काल सांगितलं, क्रिब जोडताना. हो, तुम्ही मागवलेलाच. चांगला आहे, मान्य करते. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. रवी म्हणतो एक्स्ट्रा देतात.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आईचा व्हिसा नाकारला. बाबांचं तर तुम्हाला माहीतच आहे, त्यांना प्रवास झेपत नाही. म्हणजे बाळंतपणाला इकडे कोणी नाही. मी आईला सांगितलं, अगं इथे सगळं मिळतं, डिंकाचे लाडूसुद्धा डेव्हनवर मिळतात. तिला बरं वाटलं. मला नाही वाटलं. मला भीती वाटते, ताई. रात्री रवी झोपल्यावर मी मोबाइलवर वाचत बसते आणि सकाळी त्याला म्हणते छान झोप लागली.

मी बोलावत नाहीये. तुमच्याही नोकरीचं आहे, आणि नावाच्या बाबतीत मी माझ्या जागेवरून हललेली नाही. पण एवढं लिहून मोकळं वाटलं.

चारुता

•

शिकागो, १५ मार्च

रेणूताई, जय भीम.

आत्या झालात. रवीने मेसेज केला होता आणि तुम्ही उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लडप्रेशर जरा वर गेलं म्हणून डॉक्टरांनी वाट न बघता सिझेरियन केलं. मुलगी. नाक तुमच्या घरचं, त्याला इलाज नाही. आवाजही तुमच्याच घरचा. रवी आत ऑपरेशनच्या वेळी माझा हात धरून बसला होता, शूरपणे, डोळे घट्ट मिटून. आम्ही दोघी ठीक आहोत, घरी आलोय.

पर्ल बघायला आली, मॉर्टही आला, वॉकर ढकलत. पर्लने बाळाकडे बघितलं आणि तीनदा थू थू थू केलं. मी म्हटलं, आम्ही दृष्ट वगैरे मानत नाही. ती म्हणाली, "मीही मानत नाही. पण थुंकायला काय खर्च आहे?" मॉर्टने दुपटं कसं गुंडाळायचं यावर रवीला लांबलचक व्याख्यान दिलं. रवी इतक्या आनंदाने ऐकत होता की मला त्याची दया आली.

आता कामाचं. हॉस्पिटलमध्ये एक बाई रोज येऊन विचारायची, नाव ठरलं का? तिच्या कागदावर लिहिलं होतं 'बेबी गर्ल'. मी सांगितलं, बारशाच्या आधी आम्ही नाव सांगत नाही, मागाहून कळवू. तिने भुवया वर केल्या, पण कागद बाजूला ठेवला. पाळण्याला, पायातल्या पट्टीला, डॉक्टरच्या पुढच्या अपॉइंटमेंटला, सगळीकडे तेच लागलंय. आम्हीही आता तिला बेबीच म्हणतो.

नाव आम्ही दोघांनी ठरवलं आहे. ते मला माहीत आहे आणि रवीला. आईला सांगितलं नाही, पर्लला नाही, तिने तीनदा विचारलं तरी नाही. कानात सांगायचा मान आत्याचा, तेव्हा ते ऐकणारी तिसरी व्यक्ती तुम्ही. तुम्ही येणार नसाल तर तिसरी कोणी नाही. वंदना होणार नाही, त्रिशरण-पंचशील होणार नाही, पाळणा हलणार नाही, मुलगी बिननावाची राहील. कॉलेजात गेली तरी बेबी. होय, हे ब्लॅकमेल आहे. टाके पडलेली बाई दुसरं काय करणार?

आणि आलात म्हणून सगळं चालेल असं नाही, हेही लिहून ठेवते. तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, अगदी पाळण्याला लागून. तिला माहजाँगच्या टेबलाचाच नियम. डाव आम्ही दोघं खेळणार. चुकणारही. प्रत्येक डाव संपला की मी स्वतः तुमच्याकडे वळून विचारेन, बोला ताई, काय दिसलं? आणि ऐकेन. शपथ.

या ना. मला खरंच तुम्ही हव्या आहात. घर इतकं शांत मला सहन होत नाही. कोणी मला चुकलीस असं म्हणतच नाही, त्यामुळे मी चुकतेय की नाही तेच कळत नाही.

चारुता

•

कॅरी, २० मार्च

चारुता, जय भीम.

चारही पत्रं मिळाली. मी बहुधा या पत्राच्या आधी पोचेन, म्हणून याचा फोटो आत्ताच तुझ्या मोबाइलवर पाठवतेय. तरी पत्रच लिहितेय, कारण आता तुलाही मधे बोलता येणार नाही.

उरलेला स्क्रू एक्स्ट्रा नाही. तो तळाच्या फळीचा आहे, डाव्या बाजूचा. मी येईपर्यंत तिला त्या क्रिबमध्ये ठेवू नका. रवीला सांग, आयुष्यात कधीही कोणी काही एक्स्ट्रा देत नाही.

टाक्यांवर पट्टा आवळू नकोस. डेव्हनवरचे लाडू आणू नकोस, त्यात डिंक नावाला असतो, मी करून आणतेय. तिला पाठीवरच झोपवायचं. रात्री मोबाइलवर वाचायचं बंद कर. ब्लडप्रेशरचं आधी कोणी मला सांगितलं नाही, पण 'डॉक्टर म्हणाले जरा बसून राहा' हे वाचलं तेव्हाच समजले. औषधाच्या कंपनीत वीस वर्षं काढली आहेत मी. त्या दिवशी फोन हातात घेतला होता. मग तुझं ते 'तुम्ही कोण?' आठवलं आणि खाली ठेवला. तुझ्या प्रत्येक पत्रानंतर घेतला आणि ठेवला. रागाने नाही. मला वाटलं, तोंड उघडलं की सल्लाच बाहेर पडणार, आणि तुला तो नको होता. सल्ला सोडून काय बोलायचं असतं ते मला येत नाही.

तुझा नियम वाचला. डाव संपल्यावर बोलायचं. एक शंका आहे. माहजाँगचा डाव संपतो. मुलीचा कधी संपणार आहे? मग मी बोलू कधी? यावर पर्लबाईंशी समोरासमोर बोलेन म्हणते. टिटवीचं काही वाटलं नाही. उलट ऑफिसात चौघांना सांगितलं.

वाटी तशीच राहू दे. यशोधरा हे वाटीचं नाव. तुम्ही जे ठरवलं असेल ते मी तिच्या कानात सांगेन, एका अक्षराचीही सूचना न करता. हा माझा शब्द.

पण एक गोष्ट तुला सांगायची आहे, रवीलाही ती माहीत नाही. मी सहा वर्षांची होईपर्यंत 'बेबी' होते. माझ्या जन्मानंतर लगेच आईची बदली झाली, बाबा दौऱ्यावर, आणि बारसं पुढच्या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू असं होत गेलं. आत्या दोनदा येऊन परत गेली, नंतर ती राहिलीच नाही. शाळेत नाव घालायला बाबा घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, हिचं नाव? बाबा गडबडले. मास्तरांच्या स्वतःच्या मुलीचं नाव रेणू होतं, तेच त्यांनी दाखल्यावर लिहून टाकलं. मला वर्गात हाक मारली की मी मागे वळून बघायची, दुसरी कोणी आहे का म्हणून. रवी झाला तेव्हा मी घरात रडून गोंधळ घातला, बारसं करायलाच लावलं आणि आत्या नव्हती म्हणून त्याच्या कानात नाव मीच सांगितलं. तेव्हापासून नावाच्या बाबतीत मला धीर धरवत नाही. वाटीची घाई त्यातून झाली.

तू ब्लॅकमेल गमतीत लिहिलंस, ते मला समजतं. पण पायातल्या पट्टीवर 'बेबी' असलेलं वाचलं आणि मी ऑफिसातून उठून घरी आले, बॅग काढली, तिकीट काढलं. उद्या दुपारी पोचते. रजा लांबलचक टाकली आहे, नाही म्हणालीस तरी राहीन.

रवीला एवढंच सांग, आजच्या आज तिच्या पायातली ती पट्टी कापून टाक. आणि मी येईपर्यंत तिला बेबी म्हणू नका. काहीच म्हणू नका. रडली की नुसतं उचलून घ्या.

रेणू